पोट भरलेला पक्षी: लांबलेल्या गेममधला कंटाळा आणि त्यामागचं जीवशास्त्र

दर रविवारी सकाळी नऊ वाजता मी नाशिकला धाकट्या भावाला फोन करते. तिकडे तेव्हा रात्र असते आणि त्याची जेवणं उरकलेली असतात. गेल्या हिवाळ्यात मी ‘द लाँग डार्क’ हा गेम खेळत होते. तो स्वतः गेम खेळत नाही, पण माझ्या त्या बर्फातल्या बाईची खबर मात्र आवर्जून घ्यायचा. पहिला महिनाभर सांगायला भरपूर असायचं. गोठलेल्या तळ्यावर लांडग्याने कसं गाठलं, काडेपेटीत एकच काडी उरलेली असताना वारा कसा नेमका पडला, वादळात वाट चुकून गुहा कशी सापडली, वगैरे.

मग एका रविवारी त्याने नेहमीसारखं विचारलं, “ताई, काय म्हणतेय तुझी बाई?”

गेममधला तो २१४ वा दिवस होता. मी म्हटलं, “बरी आहे. जेवली, झोपली, लाकडं गोळा केली.”

“आणि मागच्या आठवड्यात?”

“तेच.”

तो हसून म्हणाला, “म्हणजे तिचंही आता तुझ्यासारखंच झालं. लॅब, घर, लॅब.”

टोमणा लागला, हे कबूल करते. पण त्याहून जास्त ओशाळवाणी गोष्ट वेगळीच होती. प्राणी अन्न कसं शोधतात आणि त्यासाठी किती धोका पत्करतात, हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. गेममध्ये माझं जे झालं होतं, त्यावर माझ्याच विषयात गेली चार-पाच दशकं काम चालू आहे आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं! आजचा लेख त्याबद्दल. गेम न खेळणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण यात पक्षी आहेत, मासे आहेत आणि करवंदंही आहेत.

आधी गेमची ओळख

‘द लाँग डार्क’ कॅनडातल्या हिंटरलँड स्टुडिओने बनवला. २०१४ साली तो अपूर्ण अवस्थेत खेळायला मिळू लागला आणि २०१७ साली रीतसर प्रसिद्ध झाला. उत्तर कॅनडातलं ग्रेट बेअर नावाचं एक काल्पनिक बेट, कायमचा हिवाळा आणि तुम्ही एकटे. भूक, तहान, थकवा आणि थंडी या चार गोष्टी सांभाळायच्या. भुताखेतांशी लढाई नाही, गुण नाहीत आणि जिंकणंही नाही. ‘सर्व्हायव्हल’ प्रकारात फक्त जगून राहायचं. गेममधला एक दिवस साधारण दोन तासांत संपतो. मुळात मेलात की तो डाव कायमचा पुसला जायचा, मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करता यायचा नाही.

सुरुवातीला हे सगळं फार अवघड जातं. कपडे तोकडे, हातात हत्यार नाही आणि वाट माहीत नाही. मग हळूहळू जम बसतो. मी मिस्टरी लेक भागातल्या तळ्याकाठच्या कॅम्प ऑफिसात बिऱ्हाड केलं. बर्फाला भोक पाडून मासे धरायचे, हरणाचं मांस बाहेर गारठ्यात साठवायचं, कातडी वाळवून कपडे शिवायचे. स्वयंपाकाचं कौशल्य पाचव्या पातळीला पोचलं, की शिजवलेल्या लांडग्याच्या किंवा अस्वलाच्या मांसातून जंत होण्याची भीतीही संपते. थोडक्यात, एकेक अनिश्चितता निकालात निघते. आणि नेमका तिथेच कंटाळा सुरू होतो.

“मग कठीण पातळी निवडा,” असा सल्ला सर्रास दिला जातो. मीही तो करून पाहिला होता. पहिले पन्नास दिवस जीव मुठीत धरून जातात आणि मग पुन्हा जेवली, झोपली, लाकडं गोळा केली. म्हणजे रोग वेगळा आहे.

दोन ताटल्या आणि एक पक्षी

जंको नावाचा चिमणीएवढा पक्षी उत्तर अमेरिकेत आढळतो. त्याच्या पिवळ्या डोळ्यांच्या जातीवर टॉमस कराको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९८० साली प्रसिद्ध झाला. पक्ष्यासमोर दोन पर्याय. एका ठिकाणी दर खेपेला ठरावीक दाणे मिळणार. दुसऱ्या ठिकाणी कधी काहीच नाही, तर कधी दुप्पट. सरासरी दोन्हीकडे सारखीच. पक्षी कुठे जाईल?

उत्तर त्याच्या पोटावर ठरलं. दिवसाच्या गरजेपुरतं अन्न आरामात मिळत असलेला पक्षी ठरावीक दाण्यांकडे गेला. ज्याची दिवसाची बेरीज तुटीत चालली होती, तो बेभरवशाच्या ठिकाणी गेला. यात काही वेडेपणा नाही. ठरावीक दाणे खाऊन रात्र निघणारच नसेल, तर जुगार खेळण्यातच शहाणपण. पुढे १९९० साली याच गटाने भुकेऐवजी थंडी वापरून पाहिली. १९ अंश तापमानाला पक्षी सावध राहिले आणि १ अंशाला तेच पक्षी धोका पत्करू लागले, कारण थंडीत शरीर गरम ठेवायला जास्त ऊर्जा लागते.

आता गेमकडे पाहा. पहिल्या आठवड्यात आपण थंडीतला उपाशी जंको असतो. वादळ येणार हे दिसत असूनही पुढच्या वळणावरच्या झोपडीपर्यंत धावतो, कारण इथे थांबलो तरी मरणारच असतो. त्या धावण्यातच गोष्ट जन्माला येते. दोनशेव्या दिवशी आपण पोट भरलेला, उबेतला जंको असतो. ठरावीक दाण्यांची ताटली समोर आहे, दुसरीकडे कशाला बघायचं? गेम तोच, बेट तेच. आपली अवस्था बदलली, म्हणून निवड बदलली.

दिवस मोजण्याचं गणित

यात भर पडते ती आपणच लावून घेतलेल्या एका हिशोबाची: किती दिवस जगलात?

समजा रोज मरण्याचा धोका १०० त १ आहे. शंभर दिवस जगण्याची शक्यता किती? ०.९९ ला स्वतःनेच शंभर वेळा गुणायचं. उत्तर येतं सुमारे ३७ टक्के. दोनशे दिवसांसाठी १३ टक्के. आता उलट बाजूने विचार करू. पाचशे दिवस जगण्याची शक्यता निदान निम्मी असावी, असं वाटत असेल तर रोजचा धोका किती चालेल? साधारण ७२० त १.

म्हणजे ‘जास्तीत जास्त दिवस’ हे ध्येय ठेवलंत, की जवळजवळ प्रत्येक दिवस धोक्याविना काढावा लागतो. पाचशे दिवसांचा डाव बहुतेक वेळा कंटाळवाणा होतो, तो खेळाडू आळशी असतो म्हणून नव्हे. त्याने निवडलेल्या ध्येयाचं ते सरळ गणिती फळ आहे.

पुंजी राखण्याचा नियम

कॉलिन क्लार्क हे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले गणितज्ञ. त्यांनी १९९४ साली एक नियम मांडला, त्याला आपण ‘पुंजीरक्षणाचा नियम’ म्हणू. प्राण्याकडे भविष्यासाठी जमवलेली पुंजी जितकी मोठी, तितका तो शिकाऱ्यापासून जास्त जपून राहतो, कारण मेला तर गमावण्यासारखं जास्त असतं.

आपल्या आकड्यांत बघू. गेममध्ये रोजच्या कष्टाने पुंजीचं एक नाणं जमतं असं धरा: कपडे, हत्यारं, कौशल्यं, मांस. एका अनोळखी दरीत उतरायचं आहे आणि त्यात मरण्याचा धोका १०० त १ आहे. पाचव्या दिवशी पुंजी ५ नाणी, म्हणजे सरासरी तोटा ०.०५ नाणं. दोनशेव्या दिवशी तोच तोटा २ नाणी. नवी दरी बघण्याची मजा तुम्हाला एका नाण्याइतकी वाटत असेल, तर शंभराव्या दिवसापर्यंत तुम्ही खुशाल उतराल आणि एकशे एकाव्या दिवसापासून दारात उभे राहून म्हणाल, “आज नको, हवा बरी दिसत नाही.”

गेमच्या रचनाकारांनी यावर बरेच उतारे योजलेत. सतत घरात बसलात की कोंडल्यासारखं होऊन घरात झोपच लागत नाही. हवा दिवसेंदिवस जास्त थंड होत जाते आणि प्राणी विरळ होतात. पूर्वी काही खेळाडू दिवसभर उपाशी राहून फक्त झोपण्याआधी खायचे, कारण उपासात गमावलेली तब्येत झोपेत भरून निघायची. तीन दिवस उपाशी न राहता काढले, तर पाच किलो जास्त ओझं उचलता येतं, अशी सोय आली आणि नीट जेवायला कारण मिळालं. पण या सगळ्याला आपण सरावतो. कोंडमारा टाळायला रोज गुहेत दोन तास बसायचं, हाही मग एक नित्यनेम होतो. माझाही झाला होता.

साल्मनचा हिशोब

क्लार्कच्या नियमात एक गोष्ट मात्र आपण खेळाडू विसरतो. प्राण्याची पुंजी मोलाची असते, कारण ती पुढे खर्च व्हायची असते.

ब्रिटिश कोलंबियातल्या फ्रेझर नदीत दरवर्षी सॉकाय जातीचे साल्मन मासे समुद्रातून वर येतात. समुद्रात काही वर्षं खाऊन त्यांनी चरबी साठवलेली असते. नदीत शिरले की ते खाणंच थांबवतात. शेकडो किलोमीटर प्रवाहाविरुद्ध पोहतात, अंडी घालतात आणि मरतात. सगळी पुंजी शेवटच्या कणापर्यंत वापरलेली. समुद्रातला साल्मन शिकाऱ्यापासून जपून राहतो आणि नदीतला तोच साल्मन धबधब्यावर उड्या मारतो, यात विसंगती काहीच नाही. त्याचा हंगाम आलेला असतो.

आपल्या गेममधल्या बाईला हंगामच नाही. ती जमवते आणि जमवलेलं जपण्यासाठी घरात बसते. मी त्या रात्री माझ्या कोठीतलं मांस मोजलं. खाल्लं तर महिनाभर पुरेल एवढं, आणि ते मी रोज वाढवत होते. कशासाठी, याला उत्तर नव्हतं. मेल्यावर जगलेले २१४ दिवस पुसले जाणार नव्हते, ते तर होऊन गेले होते. जाणार होती ती फक्त कोठी, आणि कधीच वापरायची नसेल तर तिची किंमत शून्य.

मग करायचं काय?

यातून मी चार उपाय काढले. सगळे वापरून पाहिलेत.

एक, हंगाम ठरवा. डावाला एक तारीख आणि एक खर्चिक बेत द्या. उदाहरणार्थ, “शंभराव्या दिवशी टिंबरवुल्फ डोंगराच्या शिखराकडे निघायचं, तयारी असो वा नसो.” त्याआधीचं मांस वाळवणं, बूट सांधणं, दोर कुठे आहेत ते पाहणं या सगळ्याला लगेच अर्थ येतो. काम तेच, पण आता ते कशाची तरी तयारी असतं.

दोन, जाळी वेळेवर सोडा. लहानपणी डोंगरावर करवंदं तोडली असतील तर हे गणित तुम्हाला हाताने माहीत आहे. एका जाळीतली वरवरची करवंदं पटापट मिळतात, मग काटे लागतात, हात आत घालावा लागतो आणि वेग मंदावतो. पुढच्या जाळीकडे कधी जायचं? एरिक चारनोव्ह यांनी १९७६ साली दिलेलं उत्तर असं: या जाळीत मिळण्याचा वेग घटत घटत, चालण्याचा वेळ धरून एकूण डोंगरावरच्या सरासरी वेगाइतका झाला की निघा. जाळी रिकामी होण्याची वाट बघू नका.

गेममध्ये करवंदांच्या जागी ‘पहिल्यांदाच’ घडलेल्या गोष्टी मोजा: नवी जागा, नवा प्राणी, नवी वाट. दर पाच दिवसांनी आकडा लिहा. मिस्टरी लेकला माझे पहिल्या पाच दिवसांतले आकडे नऊ होते, पुढच्या पाचांत चार, मग दोन, मग एक. संपूर्ण डावाची सरासरी होती तीन. म्हणजे पंधराव्या दिवशीच तळं सोडायला हवं होतं आणि मी दोनशे दिवस राहिले!

तीन, धोका वाढवू नका, साठा कमी करा. जंको आठवा. त्याच्याभोवती ससाणे सोडले असते तर तो आणखी लपून बसला असता. त्याला धीट केलं ते रिकाम्या पोटाने. म्हणून लांडग्यांची संख्या वाढवण्याआधी स्वतःची एखादी सोय सोडून पाहा. आठवडाभर छपराखाली झोपायचं नाही. बंदूक एका कपाटात ठेवून पुढे जायचं. पाठीवर तीस किलोऐवजी पंधराच किलो न्यायचे. एका वेळी एकच नियम आणि त्यालाही मुदत. तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ च्या ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळाची व्याख्याच अशी केली आहे, की गरज नसलेले अडथळे आपण आपणहून पत्करतो तो खेळ. क्रिकेटमध्ये चेंडू हातात घेऊन सीमारेषेबाहेर नेऊन ठेवला तर धावा सहज निघतील, पण तो खेळ राहणार नाही. तेव्हा स्वतःला बंधन घालण्यात लबाडी नाही की बालिशपणाही नाही.

चार, मरणाने पुसलं जाणार नाही असं काहीतरी जमवा. विझलेल्या शेकोटीतला कोळसा घेऊन आजूबाजूच्या प्रदेशाचा नकाशा काढण्याची सोय गेममध्ये आहे. मी तोच नकाशा खऱ्या वहीतही उतरवू लागले आणि रोज दोन ओळींची डायरी लिहू लागले. बाई मेली तरी वही माझ्याकडे राहणार होती. पुंजी सुरक्षित जागी गेली की हात मोकळे होतात.

माझ्या डावाचं पुढे काय झालं

२१९ व्या दिवशी मी कॅम्प ऑफिसचं दार लावलं. मांस तिथेच ठेवलं. नियम तीन: परत यायचं नाही, एका जागी तीन रात्रींपेक्षा जास्त राहायचं नाही, आणि जायचं हश्ड रिव्हर व्हॅलीत. त्या दरीत एकही घर नाही, झोपायचं तर गुहेत. तिथे जायला माउंटन टाउन भागातून दोरावर चढउतार करावी लागते आणि त्यात दम पार निघून जातो.

त्या रविवारी फोनवर मला थांबवावं लागलं नाही. दलदल ओलांडताना बर्फ फुटून पाय पाण्यात गेला, रात्री आकाशात अरोरा पेटला आणि मोडक्या घरातला बंद दिवा आपोआप लागला, तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. भाऊ मधेच “एक मिनिट” म्हणून आईला बोलवायला गेला.

दरीत मी अकरा दिवस काढले. २५८ व्या दिवशी अस्वलाच्या हल्ल्यानंतर रक्त थांबवलं, पण वादळ सुरू झालं आणि गुहा सापडली नाही. डाव पुसला गेला. वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. वहीत मात्र शेवटच्या ३९ दिवसांची अठरा पानं आहेत आणि आधीच्या दोनशे दिवसांतलं आठवून लिहायला गेले तर तीन पानंसुद्धा भरली नाहीत.

“संपली तुझी बाई?” भावाने विचारलं. मी हो म्हटल्यावर थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, “शेवट चांगला केलास पण.”

आणखी एक छोटी गोष्ट. एडमंटनच्या पूर्वेला गाडीने तासाभराच्या आत एल्क आयलंड राष्ट्रीय उद्यान आहे. इथे येऊन माझे तीन हिवाळे झाले होते आणि मी तिथे कधी गेले नव्हते. दर शनिवारी काहीतरी कारण असायचं: हवा, गाडी, डेटा. पुढच्या शनिवारी उणे एकोणीस होतं, तरी गेले. रस्त्याकडेला बायसन उभे होते आणि डोकं डावीउजवीकडे हलवत बर्फ बाजूला सारून खालचं गवत खात होते. अन्न शोधणाऱ्या प्राण्यांवर एवढी वर्षं काम करून मी हे पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहिलं.

गृहपाठ

तुमचा एखादा डाव असाच रेंगाळला असेल, तर नवा सुरू करण्याआधी एवढं करा.

१. गेल्या दहा दिवसांत पहिल्यांदाच घडलेल्या किती गोष्टी आठवतात? आकडा लिहा.

२. कोठीत काय काय आहे याची यादी करा आणि प्रत्येकासमोर ‘कशासाठी’ ते लिहा. ज्यापुढे उत्तर नाही, ते आहे तिथेच ठेवून निघा.

३. एक जागा निवडा आणि एक तारीख लिहा. तारीख पुढे ढकलायची नाही.

४. कोणाला तरी दर आठवड्याला फोन करून काय घडलं ते सांगा. ऐकणारा गेम न खेळणारा असेल तर उत्तम. त्याला कंटाळा आला, तर समजा की जाळी सोडायची वेळ झाली.